प्लेऑफच्या जागा वाढवल्या तर गाळातले संघ वर येतील? (एनएफएल)

मिशिगनकर

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, अठरा सामन्यांच्या मोसमाची चर्चा सुरू झाली, तशी तिच्या मागोमाग आणखी एक मागणी ऐकू येऊ लागली आहे. दर कॉन्फरन्समधून सातऐवजी आठ संघ प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) घ्या, म्हणजे बत्तीसपैकी सोळा. कारण असं देतात की वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या संघांना त्यामुळे हात मिळेल आणि त्यांच्या गावांत डिसेंबरअखेरपर्यंत धुगधुगी राहील. मी डेट्रॉइट लायन्सचा पाठीराखा. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरलेला संघ आमचाच. तरीही या मागणीला माझा ठाम विरोध आहे. इथे अमेरिकेतले बरेच जण आहात, तिकडे पहाटे उठून बघणारेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: दोन कॉन्फरन्स, एएफसी आणि एनएफसी, प्रत्येकीत चार-चार संघांची चार डिव्हिजन्स. डिव्हिजन जिंकणारे चार आणि उरलेल्यांत सर्वांत चांगली कामगिरी असलेले तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड. पहिल्या क्रमांकाला पहिल्या आठवड्यात विश्रांती मिळते, तिला बाय म्हणतात. बाकी सगळ्यांचा एकच सामना, हरला तो घरी.

जागा आजवर वाढतच आल्या आहेत. १९७० च्या विलीनीकरणानंतर ८, १९७८ पासून १०, १९९० पासून १२ आणि २०२० पासून १४. मध्ये १९८२ साली खेळाडूंच्या संपामुळे मोसम नऊ सामन्यांवर आला, तेव्हा एका वर्षापुरते सोळा संघ घेतले होते. त्यात क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट हे दोघे चार विजय, पाच पराभव घेऊन आत गेले आणि दोघेही पहिल्याच सामन्यात गारद झाले. म्हणजे सोळाचा प्रयोग झालेला आहे, आणि त्यातून आमच्या संघाचं काडीचंही भलं झालं नाही.

आता मूळ मुद्दा. आठवी जागा कुणाला मिळते ते बघा. २०२४ च्या मोसमात ती असती तर एएफसीत सिनसिनाटी आणि एनएफसीत सिॲटल आत आले असते. सिनसिनाटी ९-८ (नऊ विजय, आठ पराभव), आणि तेही पासिंग यार्ड्समध्ये (पास देऊन कापलेल्या अंतरात) लीगमध्ये पहिला आलेला जो बरो संघात असताना. सिॲटल १०-७. यांना गाळातले संघ कोण म्हणेल? त्या वर्षी खरोखर गाळात होते टेनेसी, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क जायंट्स, तिघेही ३-१४. त्यांच्यापर्यंत पोचायला आठवी काय, बारावी जागाही पुरली नसती. ज्यांच्या नावाने मागणी होतेय त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. पडतं ते मधल्या फळीतल्या संघांच्या.

आमचंच उदाहरण घेतो, कारण आठव्या जागेवर आम्ही प्रत्यक्ष बसलो होतो. २०२२ चा मोसम. सुरुवात १-६, मग दहापैकी आठ विजय. शेवटच्या रविवारी रात्री ग्रीन बे पॅकर्सच्या लॅम्बो फील्डवर सामना. पण तो सुरू होण्याआधीच, संध्याकाळी, सिॲटलने लॉस एंजेलिस रॅम्सना जादा वेळेत १९-१६ हरवलं आणि आमचा पत्ता कट झाला. बरोबरीत सिॲटल आमच्या वर, कारण आपसातला सामना त्यांनी जिंकला होता. तर लायन्स मैदानात उतरले तेव्हा त्यांना मिळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि पॅकर्स जिंकले असते तर आत. निकाल लायन्स २०, पॅकर्स १६. जमाल विल्यम्सने दोन टचडाउन केले आणि एका मोसमातल्या रशिंग (चेंडू घेऊन धावत केलेल्या) टचडाउन्सचा बॅरी सँडर्सचा लायन्समधला विक्रम मोडला. माझ्या मते हा संघ त्या रात्री उभा राहिला. प्लेऑफचं तिकीट हातात नसताना.

आणि तो उभा कसा राहिला? २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डला रॅम्सकडे देऊन जॅरेड गॉफ आणि पहिल्या फेरीच्या दोन ड्राफ्ट पिक्स (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) घेतल्या. त्यातल्या दुसऱ्या पिकची पुढे ॲरिझोनाशी अदलाबदल करून जामिर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आले. पिनेई सूअल स्वतःच्या सातव्या पिकवर, एडन हचिन्सन दुसऱ्या पिकवर. आमॉन-रा सेंट ब्राउन तर चौथ्या फेरीत. २०२१ मध्ये ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा), २०२३ मध्ये १२-५, २०२४ मध्ये १५-२. वाईट संघाला वर काढणारी व्यवस्था या लीगमध्ये आधीपासून आहे: ड्राफ्टचा उलटा क्रम (तळाच्या संघाला पहिली पाळी), १९९४ पासूनची सॅलरी कॅप (पगारखर्चावरची मर्यादा) आणि टीव्हीच्या पैशाची समान वाटणी. ती चालते. मग प्लेऑफ पातळ कशाला करायचे?

बफेलोची_सून

मिशिगनकर, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही फक्त संघाचा विचार केलात, गावाचा नाही. आमचे बफेलो बिल्स १९९९ च्या मोसमानंतर थेट २०१७ मध्ये प्लेऑफमध्ये गेले. मध्ये सतरा मोसम कोरडे. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरे रविवारी टीव्हीसमोर बसायचे ते सामना संपला तरी उठायचे नाहीत, इतका राग यायचा त्यांना. २००४ मध्ये शेवटच्या सामन्यात पिट्सबर्गने आपले बरेच मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते, तरी आम्ही हरलो आणि बाहेर राहिलो. ती गोष्ट घरात अजून निघते.

२०१७ चा ३१ डिसेंबर आठवा. आमचा सामना संपला होता आणि सगळं गाव बाल्टिमोर-सिनसिनाटी बघत होतं. शेवटचं मिनिट, चौथा डाउन (शेवटची संधी), बारा यार्ड हवे, आणि सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने टायलर बॉइडला ४९ यार्डांचा टचडाउन पास दिला. बाल्टिमोर बाहेर, आम्ही आत. आमच्या लोकांनी डाल्टनच्या फाउंडेशनला देणग्या पाठवल्या, कित्येकांनी बरोबर सतरा डॉलर, सतरा वर्षांसाठी. आजारी मुलांसाठी काम करणारी संस्था आहे ती. बघता बघता लाखो डॉलर जमले. पुढच्याच आठवड्यात जॅक्सनविलने आम्हाला १०-३ हरवलं, पण त्याचं दुःख कुणाला झालेलं मी पाहिलं नाही.

९-७ चा संघ होता तो, सहाव्या जागेवर. तुमच्या हिशोबात मधल्या फळीतला. पण त्या जागेने सतरा वर्षांची कोंडी फोडली. ड्राफ्टमध्ये मागे ढकललं गेल्याने नुकसान होतं म्हणाल, तर आम्ही स्वतःच्या २१ व्या पिकपासून सौदे करत करत सातव्यापर्यंत गेलो आणि जॉश ॲलन आणला. हे २०१८ मध्ये, प्लेऑफनंतरच्या तीनच महिन्यांत.

पिवळा_टॉवेल

पिट्सबर्गच्या पाठीराख्याने बोलायला हवं, कारण या सातव्या जागेचा लाभ दोनदा आम्ही घेतला आहे. २०२१ मध्ये ९-७-१, कॅन्सस सिटीने ४२-२१ धुतलं. २०२३ मध्ये १०-७, बफेलोने ३१-१७. (ताई, तेव्हा तुमच्याकडे बर्फ काढायला लोकांना तासावर पैसे देऊन बोलावलं होतं आणि सामना सोमवारवर गेला होता.)

याचा परिणाम काय झाला तो सांगतो. प्लेऑफमध्ये न गेलेले अठरा संघ ड्राफ्टमध्ये १ ते १८, आणि पहिल्याच सामन्यात हरलेले १९ ते २४. दोन्ही वेळा आम्हाला विसावी पिक मिळाली. २०२२ मध्ये त्या विसाव्यावर क्वार्टरबॅक (पास देणारा, संघाचा मुख्य खेळाडू) म्हणून केनी पिकेट घेतला. दोन मोसमांत तो फिलाडेल्फियाला देऊन टाकावा लागला. प्रशिक्षक माइक टॉमलिनच्या हाताखाली २००७ ते २०२४ एकही मोसम पराभवांचं पारडं जड होऊन संपला नाही, याचा मला अभिमान आहे. पण २०१६ च्या मोसमानंतर २०२४ पर्यंत प्लेऑफचा एकही सामना जिंकलेला नाही. धड वर नाही, धड खाली नाही. दरवर्षी "आत तर गेलो" म्हणून समाधान मानायचं आणि मूळ दुखणं तसंच ठेवायचं. सातव्या जागेने आमच्या व्यवस्थापनाला कठोर निर्णय टाळायची सोय करून दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताईंचा ॲलनचा मुद्दा मान्य, पण तसा सौदा जमणं दुर्मीळ असतं. त्या वर्षी बफेलोकडे कॅन्सस सिटीकडून आलेली पहिल्या फेरीची आणखी एक पिक होती, हे विसरू नका.

आकडेमोड

२०२० ते २०२४ या पाच मोसमांत सातव्या क्रमांकाचे दहा संघ खेळले. एक जिंकला, नऊ हरले. जिंकलेला एक म्हणजे २०२३ चा ग्रीन बे, डॅलसला डॅलसमध्ये ४८-३२. नऊ पराभवांपैकी अटीतटीचे दोनच, आणि दोन्ही बफेलोत: २०२० मध्ये इंडियानापोलिस २४-२७, २०२२ मध्ये मायामी ३१-३४.

तरीही मिशिगनकरांच्या एका मुद्द्यावर मला थांबायचं आहे. २०२२ च्या त्या लॅम्बोवरच्या रात्रीला आठवी जागा लावून बघा. लायन्स ८-८, पॅकर्स ८-८, सिॲटल ९-८ करून बसलेले. लायन्स जिंकले तर सिॲटल सातवे, लायन्स आठवे. पॅकर्स जिंकले तर पॅकर्स सातवे, सिॲटल आठवे. म्हणजे सिॲटल दोन्हीकडून आत, आणि लॅम्बोवर जो जिंकेल तो आत, हरेल तो बाहेर. दोन्ही संघांसाठी जीवनमरणाचा सामना झाला असता. तुम्ही म्हणता लायन्सला काही मिळणार नव्हतं म्हणून तो विजय मोठा. मी म्हणतो, दोघांना सगळं मिळण्यासारखं असतं तर तो सामना आणखी मोठा झाला असता. जागा वाढल्याने साखळीतले शेवटचे सामने फिके पडतात असं सरसकट म्हणता येत नाही. त्या वर्षी उलट झालं असतं.

मिशिगनकर

@आकडेमोड, ही मांडणी मी केली नव्हती आणि ती बरोबर आहे. तो सामना दोघांसाठी नॉकआउट झाला असता, हे मान्य. पण बक्षीस काय? आठव्या क्रमांकाने पहिल्या क्रमांकाकडे जायचं, म्हणजे १४-३ च्या फिलाडेल्फियाकडे. आठ संघ झाले की बाय कुणालाच उरत नाही. फिलाडेल्फियाने चार महिने मेहनत करून मिळवलेली विश्रांती काढून घ्यायची आणि ९-८ च्या संघाशी पुन्हा जिंकून दाखव म्हणायचं. माझाच संघ असला तरी हे मला पटत नाही.

@बफेलोची_सून, ३१ डिसेंबरची आठवण वाचून अंगावर काटा आला. पण तो आनंद एवढा मोठा का झाला? जागा मोजक्या होत्या म्हणूनच. निम्मी लीग आत जात असती तर सतरा डॉलर कुणी पाठवले असते?

सिॲटलवासी

२०१० चं इथे कुणी बोललंच नाही! ७-९ असताना डिव्हिजन जिंकून आम्ही आत गेलो. सगळा देश म्हणत होता की यांना कशाला घेतलं. न्यूयॉर्क जायंट्स आणि टॅम्पा बे १०-६ असून बाहेर होते. आणि मग गतविजेत्या न्यू ऑर्लिन्सला ४१-३६ हरवलं. मार्शॉन लिंचची ती ६७ यार्डांची धाव, अंगावर आलेला एकेक जण झटकत. स्टेडियममधल्या उड्यांची कंपनं भूकंपमापकावर नोंदली गेली. कमी विजय असलेला संघ आत आला तर दर्जा घसरतो, या म्हणण्याला आमचं ते एक उत्तर पुरेसं आहे.

आकडेमोड

@सिॲटलवासी, ती जागा डिव्हिजनची होती, वाढवलेली नव्हती. पण त्यावरून दुसरा अन्याय दिसतो. २०२४ मध्ये मिनेसोटा १४-३ आणि तरी पाचव्या क्रमांकावर, कारण त्याच डिव्हिजनमध्ये डेट्रॉइट १५-२. यजमानपद १०-७ च्या रॅम्सना. (लॉस एंजेलिसच्या वणव्यामुळे सामना ॲरिझोनात झाला, मिनेसोटा २७-९ ने हरला.) त्यानंतर डेट्रॉइटनेच प्रस्ताव मांडला की क्रमवारी कामगिरीवर लावा, डिव्हिजन जिंकलं म्हणून आपोआप घरचा सामना नको. मे २०२५ मध्ये तो मागे घेतला. जागा वाढवण्यापेक्षा या सुधारणेची गरज जास्त आहे.

फातोर्डा

मी एनएफएल फार बघत नाही, पण आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये हा प्रयोग झालाय म्हणून लिहितो. आयएसएलने (इंडियन सुपर लीग) २०२२-२३ पासून प्लेऑफ चारवरून सहावर नेले. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा-सहावा आणि चौथा-पाचवा यांचा एकेक सामना, वरच्या क्रमांकाच्या मैदानावर.

पहिल्याच वर्षी, ३ मार्च २०२३ ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर, चौथे बंगळुरू विरुद्ध पाचवे केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेत सुनील छेत्रीने भिंत लागायच्या आत फ्री किक मारली, गोल दिला गेला आणि केरळच्या प्रशिक्षकाने संघच मैदानाबाहेर नेला. फेडरेशनने केरळला चार कोटींचा दंड केला. बंगळुरूने पुढे उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टींवर बाहेर काढलं. मुंबई त्या वर्षी साखळीत पहिली होती, लीग शील्ड त्यांच्याकडे. साखळीत पहिलं येऊनही बाद फेरीत हरून बाहेर जाण्याचं दुःख आम्हा गोवेकरांनाही ठाऊक आहे. एफसी गोवाचं २०१९-२० मध्ये तेच झालं, चेन्नईयिनकडून.

पण गाळातल्या संघांचं काय झालं ते बघा. २०२२-२३ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेड तळाला होता, वीस सामन्यांत एक विजय. सहा जागा झाल्या म्हणून तो सुधारला नाही. हुआन पेद्रो बेनाली प्रशिक्षक म्हणून आले, संघ नव्याने बांधला, आणि २०२४ मध्ये ड्युरँड कप जिंकला. उलट ईस्ट बंगाल, एवढं मोठं नाव, एवढा पाठीराखा वर्ग, आयएसएलमधल्या पहिल्या पाच मोसमांत एकदाही पहिल्या सहात नाही. दार रुंद केलं तरी आत शिरायची ताकद स्वतःलाच आणावी लागते.

रसिका_जर्सी

फातोर्डा, शेवटचं वाक्य आमच्या न्यूयॉर्क जेट्सना लागू. २०१० च्या मोसमानंतर प्लेऑफ नाही. मध्ये २०२० मध्ये जागा वाढल्या, आम्ही त्या वर्षी २-१४.

मी तरी जागा वाढवायच्या बाजूने आहे, आणि कारण वेगळं आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. नोव्हेंबर उजाडेपर्यंत संघाचा मोसम संपलेला असतो आणि तो शाळेत जर्सी घालायचं बंद करतो. बाकीची मुलं जायंट्स, ईगल्स बदलत राहतात, हा बदलत नाही. त्याला दोन आठवडे जास्त आशा मिळाली तर लीगच्या दर्जाला असा काय धक्का लागणार आहे? बास्केटबॉलच्या एनबीएत तीसपैकी सोळा जातात, आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये बत्तीसपैकी सोळा. तिथलं अजिंक्यपद कुणी हलकं मानत नाही.

पिवळा_टॉवेल

रसिकाताई, एनबीए आणि एनएचएलमध्ये सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. आठवा संघ एका रात्री चमकला तरी पूर्ण मालिकेत पहिल्याचं बळ दिसतं. इथे एकच सामना, आणि तोही ज्यात प्रत्येक आठवड्याला कुणाचा तरी गुडघा जातो असा खेळ. पहिल्या संघाचा क्वार्टरबॅक आठव्या संघाविरुद्ध जायबंदी झाला तर पुढचे सगळे प्लेऑफ बिघडले. म्हणून आकड्यांची तुलना सरळ लागत नाही.

मिशिगनकर

रसिकाताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं, आणि त्याच्या निष्ठेला सलाम. पण त्याला आशा देणारी गोष्ट कुठली, ते ह्यूस्टन आणि वॉशिंग्टनकडे बघून सांगता येईल. ह्यूस्टन २०२२ मध्ये ३-१३-१. दुसऱ्या पिकवर सी. जे. स्ट्राउड आला, पुढच्याच वर्षी १०-७, डिव्हिजन जिंकलं आणि क्लीव्हलँडला ४५-१४ हरवलं. वॉशिंग्टन २०२३ मध्ये ४-१३, दुसऱ्या पिकवर जेडन डॅनियल्स, पुढच्या वर्षी १२-५ आणि थेट एनएफसीच्या अंतिम सामन्यात. दोघांनाही वाढीव जागेची गरज पडली नाही.

पैशाचंही तसंच. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. त्यांची मालकी भागधारकांकडे असल्याने त्यांचा ताळेबंद जाहीर होतो, म्हणून आपल्याला कळतं की लीगच्या राष्ट्रीय उत्पन्नातून प्रत्येक संघाला वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त मिळतात. न्यूयॉर्कला तेवढेच, ग्रीन बेला तेवढेच. एवढं मिळूनही जो संघ वर्षानुवर्षं तळाला आहे, त्याची अडचण मालकाच्या खोलीत आहे, प्लेऑफच्या तक्त्यात नाही.

बफेलोची_सून

मालकाच्या खोलीबद्दल शंभर टक्के सहमत. आठव्या जागेचा हट्ट मी सोडते, सातवी मात्र राहू द्या. आणि एक विचारते: २०२० च्या बदलाने दुसऱ्या क्रमांकाचा बाय गेला, तो कुणाला खुपत नाही का? त्या पहिल्याच वर्षी दुसरे आम्हीच होतो.

पिवळा_टॉवेल

खुपतो. २०२३ चा डॅलस जुन्या नियमाने त्या आठवड्यात घरी बसला असता. १२-५, घरच्या मैदानावर मोसमभर अजिंक्य, आणि सातव्या क्रमांकासमोर सुरुवातीलाच ०-२७. हरले ते स्वतःच्या खेळाने, पण मोसमभराच्या कमाईचं मोल काय राहिलं?

आकडेमोड

नियम बदलायला बत्तीसपैकी चोवीस मालकांची मतं लागतात. बाय गमावणारे संघ वर्षाला दोन. आठव्या जागेची आस धरणारे, म्हणजे ७-१० ते १०-७ मधले, दरवर्षी दहा-बारा तरी असतात. शिवाय दोन सामने वाढले की टीव्हीवाल्यांना विकायला दोन सामने जास्त. २०२० मध्ये तेच झालं: एक सीबीएसने घेतला, एक एनबीसीने, आणि शिकागो-न्यू ऑर्लिन्स तर मुलांच्या निकलोडियनवरही दाखवला. मालकांच्या पातळीवर हे थांबेल असं मला वाटत नाही.

मिशिगनकर

मग थांबवू शकतात ते खेळाडूच. खेळाडूंच्या संघटनेचा मालकांशी असलेला सध्याचा करार मार्च २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाला आणि तो २०३० च्या मोसमापर्यंत आहे. अठरावा सामना हवा असेल तर मालकांना संघटनेकडे यावंच लागेल. तेव्हा संघटनेने जास्तीच्या पैशाबरोबर हेही मागावं: सोळा संघ नकोत, दुसऱ्या क्रमांकाचा बाय परत द्या. सात जागा ठेवून दोन बाय बसत नाहीत, त्यामुळे सहावर परत जावं लागेल हे मला माहीत आहे. ताई, तुमची सातवी त्यात जाईल. २०१७ ची तुमची जागा सहावीच होती.